जास्वंदीवरचे पिठ्या, उलटी लेन्स आणि एक न ओळखलेला पाहुणा

गॅलरीतली_बाग | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात असते, इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गॅलरी. कुंड्या चौदा. त्यातल्या जास्वंदीला गणपतीनंतर पांढरा मावा लागला. कापूस पिंजून चिकटवावा तसा, कळ्यांच्या देठाशी. कडुलिंबाचं तेल आणून ठेवलं. त्याच दिवशी दिराचा जुना कॅनन कॅमेरा हाती लागला, सोबतच्या १८-५५ मिमी झूम लेन्ससकट. लेन्स उलटी लावून किड्यांचे फोटो काढता येतात असं ऐकलं होतं, म्हणून तीनशे रुपयांची रिव्हर्स रिंग मागवली.

पहिल्या दिवशी १४० फोटो काढले. त्यातले बघण्यासारखे ६. मुंगीचा डोळा नीट आला तर मिशा गायब, मिशा आल्या तर मुंगीच गायब. शिवाय सगळ्याचं मागचं एकदम काळंकुट्ट, जणू अमावस्येला काढलेत. आणि किड्याच्या पाठीवर फ्लॅशचा पांढरा ठिपका, तेलकट कपाळासारखा.

[प्रचि (प्रकाशचित्र) १ : मुंगी, म्हणजे मी म्हणते म्हणून]
[प्रचि २ : पांढरा मावा, जवळून]
[प्रचि ३ : ???]

प्रचि ३ मुद्दाम टाकलाय. या माव्याच्या गर्दीत एक जरा लांबुळका, मळकट पांढरा 'मावा' होता. बाकीचे ढिम्म बसलेले आणि हा अगदी हळूहळू सरकत होता. हे काय असेल? उद्या रविवार, फवारणीचा मुहूर्त आहे.

---

सडा_संमार्जन | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मस्त धागा! फोटो धूसर असले तरी 'तेलकट कपाळ' आवडलं. वाचनखूण साठवली.

---

बांधावरचा | ६ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ताई, आधी एक दुरुस्ती, सवयीने. हा मावा नव्हे, पिठ्या ढेकूण. मावा म्हणजे ते हिरवे-काळे, नाजूक पायांचे, शेवग्याच्या आणि चवळीच्या शेंड्यांवर असतात ते. दोघंही रस शोषतात, दोघांच्याही अंगातून गोड चिकट पाणी पाझरतं, त्यामागे मुंग्या येतात. म्हणून सगळे त्याला मावाच म्हणतात. पण पिठ्याच्या अंगावर मेणाची भुकटी असते. साधं पाणी किंवा औषध मारलं तर त्यावरून ओघळून जातं.

आणि प्रचि ३ चा उलगडा होईपर्यंत फवारणी थांबवा. सरकणारा म्हणालात म्हणून माझा कान टवकारला.

---

फोकस_हुकलेला | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

ताई, तुमचा दोष नाही, कॅमेऱ्याचाही नाही. कॅननची लेन्स उलटी लावली की तिचा कॅमेऱ्याशी विजेचा संबंध तुटतो आणि छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं राहतं. तेव्हा फोकसमध्ये येणारी पट्टी कागदाच्या जाडीएवढी उरते. मुंगीच्या मिशा त्यात कुठून मावणार!

यावर एक जुनी युक्ती आहे. लेन्स आधी सुलटी लावा, एव्ही मोडवर (छिद्र आपण ठरवतो तो) एफ/८ ठेवा; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. लेन्सच्या बुडाशी एक छोटं बटण असतं, खोली बघायचं (डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू). ते दाबून धरा आणि दाबलेलं असतानाच, कॅमेरा चालू असतानाच लेन्स काढा. छिद्र एफ/८ वरच अडकून राहतं. मग उलटी लावा. कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीतून अंधारं दिसेल, म्हणून गॅलरीत एक बॅटरी लावून ठेवा.

निकॉनवाल्यांना हे नको. त्यांच्या बऱ्याच लेन्सना मागे एक बारीक खटका असतो, त्यात काडेपेटीची काडी किंवा कागदाची घडी अडकवली की झालं.

दुसरं, झूमचं गणित इथे उलटं चालतं. उलट्या लेन्सवर १८ ला किडा सगळ्यात मोठा दिसतो आणि ५५ ला लहान. नवशिक्यांनी ५५ पासूनच सुरुवात करावी. तुम्ही बहुतेक १८ वर होतात?

---

गॅलरीतली_बाग | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

होय, १८ वरच! मला वाटलं १८ म्हणजे लांबचं, तर किडा लहान दिसेल, सोपं जाईल. 🙈

फवारणी स्थगित. सासूबाई नाराज, कारण देवाला फुलं नाहीत.

---

रानभूल | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

नक्की किती पट मोठं दिसतंय हे कळायला कंपासपेटीतल्या पट्टीचा फोटो काढा. तुमच्या कॅननच्या सेन्सरची (आतला फोटो टिपणारा भाग) रुंदी २२ मिमीच्या आसपास असणार. चौकटीत पट्टीचे २२ मिमी मावले तर १:१, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा, खरा मॅक्रो. ८ मिमीच मावले तर पावणेतीन पट. पुष्कळ झूम लेन्सवर 'मॅक्रो' असं छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराच्या चौथ्या हिश्शाएवढाच पडतो. ते जाहिरातीचं मॅक्रो. निकॉन तर आपल्या खऱ्या मॅक्रो लेन्सना 'मायक्रो' म्हणतं, म्हणजे गोंधळात भर.

पट वाढले की दोन दंड बसतात. एक म्हणजे खोली जाते. १:१ ला एफ/८ वर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम एक मिमी फोकसमध्ये येतं. पावणेतीन पटीला तुमच्या कॅमेऱ्यात दीड-दोन दशांश मिमी. दुसरं, उजेड जातो. छिद्राचा आकडा गुणिले (पट अधिक एक). १:१ ला एफ/११ लावलंत तर कॅमेऱ्याच्या लेखी ते एफ/२२ असतं. म्हणून 'सगळं फोकसमध्ये हवं' असं म्हणून एफ/२२ लावू नका, प्रकाशकिरण पसरून अख्खा फोटोच मऊ पडतो. मी एफ/८ ते एफ/११ च्या बाहेर जात नाही.

---

हुमला_चावला | ७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

काळ्या मागच्या बाजूबद्दल कोणीच बोललं नाही. फ्लॅशचा उजेड किड्यापर्यंत भरपूर पोचतो आणि हातभर मागे जाईस्तोवर संपतो. उपाय फुकटातला आहे, किड्याच्या मागे वीतभर अंतरावर एखादं पान धरा. जास्वंदीचंच धरलंत तर उत्तम. रात्रीचा फोटो दिवसाचा होतो.

तेलकट कपाळाला पडदा हवा. गोडेतेलाचा पाच लिटरचा पांढरट कॅन असतो ना, तो आडवा कापून लेन्सवर छपरासारखा बसवायचा, आतून बटर पेपर. किड्याच्या मानाने उजेड देणारी वस्तू जितकी मोठी आणि जितकी जवळ, तितका उजेड मऊ. माझा आधीचा पडदा थर्माकोलच्या ताटलीचा होता, २०१८ च्या बंदीआधीची ताटली. आता ती घरात पुरातत्त्वाचा नमुना म्हणून आहे.

उलट्या लेन्सला किडा चार-पाच सेंटिमीटरवरच धरावा लागतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश तिथे लेन्सचीच सावली पाडतो. म्हणून छप्पर लेन्सच्या पुढे यायला हवं. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला तर तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळ पेटतो, मग हात हलला तरी फोटो हलत नाही.

आमच्या सावंतवाडीत फणसावर हुमले (तांबड्या मुंग्या, बाकी कोकणात ओंबील म्हणतात तेच) पानं शिवून घर बांधतात. स्वतःला धागा येत नाही, म्हणून तोंडात आपलीच अळी धरून तिच्या रेशमाने शिवतात. माग चालवताना धोटा फिरवावा तशी अळी इकडून तिकडे. हे टिपायला तीन पावसाळे गेले आणि टोपणनाव मिळालं.

[प्रचि : शिवणकाम]

---

चष्मा_पुसून | ८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

_/\_ काय फोटो आहे! झब्बू देतो, म्हणजे उत्तरादाखल माझाही एक फोटो. हाही हुमलाच ना? आमच्या रत्नागिरीच्या घरच्या आंब्यावर मिळाला.

[प्रचि : झब्बू]

---

हुमला_चावला | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

पाय मोजा.

---

चष्मा_पुसून | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:३२

आठ!!! पण पुढचे दोन मिशांसारखे उचललेत... अहो, हा तर कोळी!

---

हुमला_चावला | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

हुमल्याचं सोंग घेणारा उड्या मारणारा कोळी. मधेच कंबर बारीक, डोक्याच्या बाजूला काळा ठिपका म्हणजे मुंगीचा खोटा डोळा. तुमचा नर आहे, म्हणून जबडा एवढा पुढे आलाय. पक्षी हुमल्याच्या वाटेला फारसे जात नाहीत, त्या दरार्‍यावर हा जगतो. मात्र खऱ्या हुमल्यांपासून स्वतः लांब राहतो. समोरून फोटो काढा, मधले दोन मोठे डोळे दिसले की सोंग उघडं पडतं.

---

नियमावली | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

धाग्याचं नाव कीटकांचं आहे. कोळी कीटक नाही. कृपया वेगळा धागा काढावा.

---

सडा_संमार्जन | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:१८

नियमावलीजी, कोळ्याला हे सांगा, तो बागेतूनही निघून जाईल. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजा)

---

रानभूल | ८ ऑक्टोबर, दुपारी १:०५

कोळ्यांचा विषय निघालाच आहे तर डोंबिवलीकर ताईंसाठी. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात जगासमोर आली. तिचं शास्त्रीय नाव आइसियस तुकारामी. २६/११ ला कसाबला जिवंत पकडून देताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून ठेवलेलं. तेव्हा गॅलरीच्या भिंतीवरचा बारका कोळी झाडूने ढकलण्याआधी एक फोटो काढा.

---

स्टॅकवाला | ८ ऑक्टोबर, रात्री ११:५५

एवढी चर्चा झाली आणि स्टॅकिंगचं नाव नाही? एका फ्रेममध्ये दोन दशांश मिमी येत असेल तर वीस फ्रेम काढा, दर वेळी फोकस केसभर पुढे. नंतर हेलिकॉन किंवा झेरीन या सॉफ्टवेअरमध्ये जोडून एक फोटो करा, फुकटात पिकोलेही आहे. फुलपाखराच्या पंखाचे खवले चारपटीत असे दिसतात.

[प्रचि : मंगलोरी कौलं घातल्यासारखे खवले]

किडा हलतो ही तक्रार येईल. पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की हलत नाही.

---

बांधावरचा | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

तुमचा कौलांचा फोटो पाहून मी उठून बसलो होतो, पण शेवटची ओळ वाचून पुन्हा बसलो, रागाने. फ्रिजमधला किडा फोटोत ओळखू येतो. मिशा पडलेल्या, पाय आखडलेले, कोरड्या दिवशी अंगावर दव. त्याला 'पहाटेचं दव' म्हणून मथळा देतात लोक.

फसवणुकीचं सोडा. रताळ्याच्या वेलावर सोनेरी कासवासारखा भुंगेरा बसतो, त्याला आम्ही सोनकिडा म्हणतो. ते सोनं रंगाचं नसतं. कवचाच्या पातळ थरांमध्ये ओलावा असतो, त्यातून उजेड परतून सोनेरी दिसतो. किडा मेला आणि सुकला की सोनं जातं, मागे उरतो तपकिरी टरफलाचा तुकडा. लहानपणी आम्ही काडेपेटीत भरून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांवर चोरीचा आळ घ्यायचो.

---

स्टॅकवाला | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

मी मारत नाही, थंड करतो. परत सोडतो. आणि खवल्यांचा फोटो गॅलरीत मेलेल्या सापडलेल्या फुलपाखराचा आहे. इतकं भावनिक होण्याचं कारण नाही.

---

तिन्हीसांजा | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

थंड किडा हवा असेल तर पहाटे उठा, फ्रिज कशाला? अर्थात हे मी नाशकात बसून म्हणतेय, डोंबिवलीत पहाट थंड कुठून असणार.

पण संध्याकाळ सगळीकडे असते. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या (मधमाशांच्याच नात्यातल्या) असतात. त्यांच्यातल्या नरांना पोळं नसतं. दिवस मावळला की ते एखाद्या सुक्या काडीला जबड्याने घट्ट धरतात आणि तसेच अधांतरी झोपतात. कधीकधी एकाच काडीवर ओळीने पाच-सहा, लोकलच्या दांड्याला लोंबकळल्यासारखे. माझ्या अंगणात तुळशीच्या वाळक्या मंजिरीवर रोज त्याच जागी येतात. हाताने स्टॅक करण्याइतका वेळ मिळतो. काडी वाऱ्याने हलते, म्हणून शेजारी बांबूची काठी रोवून कपड्याच्या चिमट्याने काडी तिला धरून ठेवते. चिमटा माशीपासून लांब लावायचा.

[प्रचि : निजानीज]

---

स्टॅकवाला | ९ ऑक्टोबर, रात्री ८:१०

हे माहीत नव्हतं. काडीचा फोटो लांबून काढून टाकाल का, कशा जागी शोधायचं ते कळेल.

---

मोबाइलधारी | १० ऑक्टोबर, दुपारी ३:००

कॅमेरा नसलेल्यांनी काय करावं?

---

फोकस_हुकलेला | १० ऑक्टोबर, दुपारी ३:४०

बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर उघडा. त्यात मुगाएवढं भिंग असतं, ते केसांच्या चापात धरून मोबाइलच्या लेन्सवर चिकटवा. मोबाइल किड्याला जवळजवळ टेकवावा लागेल, त्यामुळे नाकतोडा वगैरे विसरा. पिठ्या, मावा, अंडी असल्या न पळणाऱ्या मंडळींपासून सुरू करा. त्याहूनही स्वस्त म्हणजे लेन्सवर पाण्याचा एक थेंब, पण फोन सांभाळून.

कॅमेरा आहे पण उलटी लेन्स नको, अशांनी रेनॉक्सचं २५० नंबरचं भिंग बघावं. आठ डायॉप्टर, म्हणजे १००० भागिले ८, साधारण १२५ मिमीवर फोकस. जुन्या झूमच्या तोंडाला चिमट्यासारखं बसतं आणि छिद्र-बिद्र सगळं कॅमेऱ्याच्या ताब्यात राहतं.

---

गॅलरीतली_बाग | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

मंडळी!!! बटणाची युक्ती जमली. छप्पर झालं (सूर्यफूल तेलाचा कॅन). मागे पान धरायला चिरंजीव, दर फोटोमागे एक रुपया दराने.

आता ऐका. तो 'लांबुळका' पिठ्याच्या कापसात तोंड खुपसून बसला होता. फोटो मोठा करून पाहिला तर तो त्यांची अंडी खातोय! मुंग्या त्याच्या अंगावरून जा-ये करतात आणि त्यांना पत्ताच नाही. त्याच्या पाठीवर पिठ्याचंच मेण थापलेलं आहे. असे एकूण चार सापडले.

[प्रचि ४, ५, ६]

बांधावरचा दादा, हा ढालकिड्याचा बच्चा का? नेटवर त्यातल्या एका जातीचा बच्चा असाच पांढरा, पिठ्यासारखा दाखवला आहे.

---

बांधावरचा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. क्रिप्टोलीमस म्हणतात तो, पिठ्यावर सोडायला बाहेरून आणलेला. पण त्याच्या बच्च्याला मेणाच्या लांब झालरी असतात आणि सहा पाय स्पष्ट दिसतात. तो तुरुतुरु चालतोही. तुमचा गोगलगायीसारखा सरकतोय, झालर नाही, पाय पोटाखाली दडलेले. प्रचि ५ मध्ये डोकंही आत ओढलेलं. ही अळी आहे. फुलपाखराची.

---

सडा_संमार्जन | १२ ऑक्टोबर, रात्री १०:५४

फुलपाखराची अळी अंडी खाते?? पानं नाही?

---

रानभूल | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

बांधावरचा यांना अनुमोदन. स्पाल्गिस एपियस, इंग्रजीत एपफ्लाय. आपली बहुतेक फुलपाखरं पाल्यावर वाढतात, कढीपत्त्यावरची लिंबाळी असो की रुईवरची. त्यातला हा एक मांसाहारी अपवाद, पिठ्यावरच जगतो. ज्या कुळात छोटी निळी फुलपाखरं येतात त्याच कुळातलं, पण हे निळं नाही.

'एप' नाव का, ते सांगत नाही. ताई, अळ्या खायच्या थांबल्या की पानांखाली आणि फांदीवर शोधत राहा. पाच मिमीची वस्तू आहे, डोळ्यांना पक्ष्याची विष्ठा वाटेल. लेन्समधून बघा.

---

गॅलरीतली_बाग | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

[प्रचि ७]

काही बोलत नाही. फोटो बघा.

---

चष्मा_पुसून | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:५२

माकड!!!

---

सडा_संमार्जन | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

डोळे, नाक, कपाळावर आठ्यासुद्धा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

---

मोबाइलधारी | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

फोटोशॉप?

---

गॅलरीतली_बाग | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

फोटोशॉप येत असतं तर पहिल्या दिवशीची मुंगी दुरुस्त केली नसती का? 😄 कोष आहे, मधल्या फांदीवर. एक फ्रेम, एफ/८, १/१६०, आयएसओ २००. सासूबाईंना दाखवला, त्या म्हणाल्या, 'मारुतीराया आलेत, आता तेल फक्त शनिवारी त्यांनाच.' कडुलिंबाची बाटली माळ्यावर गेली.

पिठ्या संपले नाहीत. पण दोन कळ्या स्वच्छ झाल्यात.

---

बांधावरचा | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

संपायचेही नाहीत. खाणारे जेवढ्यास तेवढे खातात. फार वाढलेल्या फांद्या छाटायला हरकत नाही, फक्त छाटण्याआधी त्यावर कोणी सरकतंय का ते बघा. आणि मुंग्यांची वाट बंद करा, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवा. मुंग्या पिठ्यांची राखण करतात.

---

स्टॅकवाला | १७ ऑक्टोबर, दुपारी २:१०

कोष हलत नाही. स्टॅकसाठी यापेक्षा चांगला विषय नाही. ताई, कॅमेरा पुस्तकांवर ठेवा, फोकस न फिरवता एकेक कागद मागून काढत कॅमेरा पुढे सरकवा. शंका आली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जोडून देतो. (फ्रिज लागणार नाही.)

---

गॅलरीतली_बाग | २१ ऑक्टोबर, रात्री ९:००

स्टॅकवाला यांनी १४ फ्रेम जोडून दिल्या. प्रचि ८. त्यांचे खूप आभार, चिरंजीवाने तो वर्गात नेलाय. कोष आता गडद होतोय. फुलपाखरू सकाळीच बाहेर येतं ना? गजर ५:३० चा लावलाय.

---

गॅलरीतली_बाग | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

तीन दिवस गजर लावून उठले. आज सकाळी ६:१० ला दुधाची पिशवी घ्यायला दारापर्यंत गेले. परत आले तर माकड रिकामं, पाठीवर चीर.

ते पाच मिनिटांनी सापडलं, डासांच्या जाळीवर. नखाएवढं, मिटल्या पंखांवर राखाडी पांढऱ्यावर बारीक नागमोडी रेघा, वरची बाजू तपकिरी. अगदी साधं. कोणी सांगितलं नसतं तर पतंग म्हणून हाकललं असतं. घाईत लेन्स उलटी लावली, बटणाचं विसरले, छिद्र पूर्ण उघडं. चार फोटो निघाले आणि ते खिडकीतून गेलं.

[प्रचि ९ : डासांची जाळी, अत्यंत स्पष्ट]

अजून दोन कोष आहेत.

---

फोकस_हुकलेला | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:४१

या टोपणनावात स्वागत आहे, ताई. दूध दारातच राहू दे.